‘सोपं आहे ना?’ असं विचारणं म्हणजे संशोधन नव्हे

“आम्ही लोकांना विचारलं, सगळे सोपं आहे म्हणाले.” ॲप बनवणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य इतक्यांदा येतं की आता ऐकवत नाही. यूएक्सच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या अनुभवाच्या, क्षेत्रातला हा सगळ्यात चिवट गैरसमज. विचारपूस म्हणजे वापरकर्ता संशोधन नव्हे.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं इस्लापूर घ्या. सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचा हा मुलूख. तालुक्यात मराठीच्या जोडीला गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू बोलणारी घरं आहेत. शहरातून गाडी करून आलेल्या माणसानं मोबाईल पुढे धरून “काका, सोपं आहे ना?” विचारलं, की उत्तर ठरलेलं: “चांगलं हाय की साहेब.” दारी आलेल्याच्या वस्तूला तोंडावर नावं कोण ठेवील? यात खोटेपणा नाही, रीतभात आहे. चूक विचारणाऱ्याची आहे.

पटत नसेल तर 2012 सालचा एक अभ्यास पाहा. संशोधक निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूत 450 जणांच्या मुलाखती घेतल्या. दोन वस्तू तंतोतंत सारख्या असतानाही, जी मुलाखतकारानं बनवली असं वाटलं तिला पसंती मिळण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. मुलाखतकार परदेशी आणि मध्ये दुभाषी असेल, तर पाचपट. मुद्दाम खराब केलेली वस्तूसुद्धा ‘तुमचीच चांगली’ ठरली!

मग करायचं काय? बघायचं. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर सुरू झालेली ई-पीक पाहणी आठवा: शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईल ॲपवर करायची. शेतकऱ्यानं गट नंबर निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. बोलण्यातला हिशेब एकर-गुंठ्यांचा, सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा. एक एकर म्हणजे साधारण 40 आर, हे गणित उन्हात उभ्यानं करायचं. सोयाबीनच्या ओळींत तूर असली तर ‘निर्भेळ पीक’ दाबायचं की ‘मिश्र’? बोट कुठे अडतं, कुठल्या पडद्यावर पुतण्याला हाक जाते, हे प्रश्नावलीत येत नाही. शेजारी गप्प उभं राहिलं तरच दिसतं. पहिल्या वर्षाच्या वापरानंतर, ऑगस्ट 2022च्या दुसऱ्या आवृत्तीत चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची आणि मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवण्याची सोय झाली. माणसं चुकतात आणि शेतात एकच पीक नसतं, या दोन्ही गोष्टी बांधावर आधीही दिसत होत्या.

असेच आणखी काही गैरसमज. “पाच जण तपासले की पुरे.” यूएक्स तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली पाच म्हटलं ते एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी, आणि दुरुस्त करून पुन्हा पाच तपासा या अटीसह. सातबारा जिच्या नावावर पण फोन मुलाच्या हातात, ती बाई हा वेगळा गट आहे.

“प्रयोगशाळा लागते, खर्च परवडत नाही.” एक वही आणि तोंड बंद ठेवण्याची सवय पुरते.

“स्मार्टफोन आहे म्हणजे सगळं येतं.” व्हिडिओ पाहणं आणि फॉर्म भरणं ही निराळी कौशल्यं आहेत.

“ॲप तयार झालं की संशोधन करू.” तोवर चुका पक्क्या झालेल्या असतात.

गावासाठी काही बनवत असाल तर खरिपात बांधावर जा. काम सांगा, फोन त्यांच्याच हातात राहू द्या, मदतीला धावू नका. आणि ‘सोपं आहे ना’ हा प्रश्न घरीच ठेवून या.