सलामी मंच: उंची कोणाची?

आपल्या बऱ्हाणपुरात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला संचलन होते, तेव्हा आपण सगळे सलामी मंचाकडे पाहतो. त्या मंचामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचे एक पान याच गावात घडले आहे.

नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बऱ्हाणपुरात थांबला. जहांगीरचा मुलगा परवेझ तेव्हा येथे होता. रोने लिहून ठेवले आहे, की शाहजादा उंच सज्जात बसला होता. खाली कठडा, त्याला तीन पायऱ्या आणि आत शहरातील बडी मंडळी हात बांधून उभी. रोला जमिनीला डोके टेकायला सांगितले, तो नाही म्हणाला. वर शेजारी उभे राहू देण्याची त्याची विनंती नाकारली गेली. खुर्चीही मिळाली नाही. फार तर छताच्या खांबाला टेकून उभे राहा, एवढीच सवलत मिळाली.

दरबारात कोण कुठे उभा, यावरून मान ठरत असे. १२ मे १६६६ रोजी आग्ऱ्याला शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले. महाराजांनी तो अपमान भर दरबारात बोलून दाखवला, तो याचमुळे.

आजच्या मंचाचे काम वेगळे आहे. तो उंच असतो, कारण चालत्या तुकडीतील प्रत्येकाला सलामी घेणारा दिसला पाहिजे. मंचाजवळ येताच ‘दाहिने देख’ हा हुकूम होतो आणि माना एकदम वळतात. प्रमुख पाहुणे आधी ध्वज फडकवून त्यालाच सलामी देतात, मग संचलनाचे निरीक्षण करतात आणि शेवटी मानवंदना घेतात. ती व्यक्तीला नसून पदाला असते. पाहुणे बदलतात, मंच तोच राहतो.

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण खंडवा जिल्ह्यात होतो. जिल्ह्याचा मुख्य समारंभ आता आपल्याच गावात होतो.

मुलांना घेऊन जाल तेव्हा एक गोष्ट जरूर दाखवा. परवेझच्या दरबारात एकटा शाहजादा बसलेला होता आणि सगळे गाव उभे होते. आज तुकड्या पुढून जात असताना मंचावरचे पाहुणे उभे असतात आणि आपण, गावकरी, बसलेले असतो.