बोर्डगेम स्वतः छापताना: कायदा काय राखतो, काय मोकळे सोडतो

स्वतःचा बोर्डगेम छापायला निघालेल्या माणसाला दोन धास्त्या असतात. आपली कल्पना कुणी पळवणार तर नाही, आणि नकळत आपणच कुणाचे काही उचलले नाही ना? दोन्हींचे उत्तर एकाच तत्त्वात आहे: खेळण्याची पद्धत सर्वांची, तिची मांडणी ज्याची त्याची.

आधी पेटंट पाहू. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(एम) खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोध मानतच नाही. त्यामुळे पत्ते उचलण्याचा तुमचा नियम कितीही नवा असला, तरी त्यावर इथे पेटंट मिळत नाही. खेळात फासे टाकणारी नव्या रचनेची यांत्रिक पेटी असेल, तर अर्ज करता येतो. मात्र ती चारचौघांत दाखवण्याआधी, कारण एकदा उघड झालेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. पेटंट ज्या त्या देशापुरते असते. अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड यांना ‘मॅजिक: द गॅदरिंग’च्या खेळपद्धतीवर १९९७ मध्ये पेटंट मिळाले होते. त्याची मुदत संपली आहे, पण परदेशी विक्रीचा विचार असेल तर तिथली पेटंटे आधी तपासावीत.

कॉपीराइट १९५७ च्या कायद्याने मिळतो, तो शब्दांना आणि चित्रांना. नियमपुस्तिकेतली तुमची वाक्ये, पटावरचे चित्र, पत्त्यांवरचा मजकूर हे सारे तयार होताच तुमचे होते. नोंदणी सक्तीची नाही. केल्यास वादाच्या वेळी पुरावा हाती राहतो. म्हणून कच्चे आराखडेही तारखांसह जपावेत. दुसऱ्या कुणी तेच नियम स्वतःच्या शब्दांत लिहून वेगळ्या चित्रांनिशी छापले, तर कॉपीराइट त्याला अडवत नाही.

मग खेळ ओळखला जातो तो कशाने? मुख्यतः नावाने. कोलकात्याच्या दोन भावांच्या ‘स्क्रॅब्युलस’ या ऑनलाइन खेळाविरुद्ध ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाचे हक्क सांगणारी मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने स्क्रॅबलचा पट आणि नियम यांवरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही, पण मिळतेजुळते नाव वापरायला मनाई केली. म्हणून नाव पक्के करण्याआधी ट्रेडमार्कच्या ऑनलाइन नोंदवहीत शोध घ्या. खेळ वर्ग २८ मध्ये येतात. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती चित्रकाराशी करायच्या करारात. पैसे दिले म्हणजे चित्राचे हक्क आले, असे गृहीत धरू नका. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो सुटू शकतो. तसे होऊ नये म्हणून वेगळे कलम घालावे लागते. मोबदला, पुढच्या आवृत्त्या, खोक्यावरचे आणि जाहिरातीतले चित्र यांचा उल्लेखही करा. फॉन्ट आणि विकत घेतलेली चित्रे व्यावसायिक वापरासाठी आहेत ना, हे त्यांच्या परवान्यात वाचा.

सोंगटीचा आकार हा वेगळा विषय आहे. त्याला २००० च्या डिझाइन कायद्याखाली संरक्षण मिळते, सुरुवातीला १० आणि वाढवून आणखी ५ वर्षे. हाही अर्ज आकार लोकांसमोर येण्याआधीच करायचा असतो.

दुसऱ्या धास्तीचे उत्तर आता सोपे आहे. सारीपाट किंवा सापशिडीची पद्धत कुणाच्या मालकीची नाही, त्यावर नवा खेळ खुशाल बेता. मात्र आज बाजारात असलेल्या एखाद्या सापशिडीचे चित्र त्या चित्रकाराचे किंवा प्रकाशकाचे आहे. सिनेमातली पात्रे, क्रिकेटपटूंचे फोटो परवानगीशिवाय घेऊ नयेत. कादंबरीवर खेळ बेतायचा तर लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली आहेत का, ते पाहावे.

यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. नियमांना कुलूप लागतच नसेल, तर ते लपवून ठेवण्यात काही हशील नाही. यंत्र आणि सोंगटीचा आकार यांचे अर्ज आधी करा, बाकीचा खेळ अनोळखी लोकांसमोर मांडा, त्यांना खेळू द्या. फसणारा नियम आणि न समजणारे वाक्य तिथेच सापडते, आणि ते सुधारूनच खेळ विकण्याजोगा होतो.