चाकाखाली लिंबू फोडले, पण गाडीच 'लिंबू' निघाली तर?

दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त, बोनेटवर झेंडूचा हार, चारही चाकांखाली एकेक लिंबू. शोरूमबाहेर पहिला गिअर टाकला की लिंबू फुटतात, फोटो निघतात आणि गाडी घराकडे निघते. अमेरिकेत मात्र गाडीच्या संदर्भात 'लिंबू' म्हटले की समोरचा माणूस हळहळतो. तिथे लिंबू चाकाखाली नसते, गाडीच लिंबू असते. पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही जिचा दोष जात नाही, अशा नव्या गाडीला तिथे 'लेमन' म्हणतात. ती परत घ्यायला कंपनीला भाग पाडणारा कायदा म्हणजे 'लेमन लॉ'.

भारतात या नावाचा किंवा या धाटणीचा स्वतंत्र कायदा नाही. मग १२ लाखांची गाडी तिसऱ्याच महिन्यात चौथ्यांदा वर्कशॉपमध्ये उभी असेल, तर मालकाने काय करायचे? दाद मागता येते, पैसे परतही मिळू शकतात. पण अमेरिकेत कायद्याने जे काम सोपे केले आहे, ते इथे ग्राहकाला स्वतः करावे लागते.

लेमन लॉ नेमके काय मोजतो?

अमेरिकेत १९७५ मध्ये वॉरंटीसंबंधीचा 'मॅग्नुसन-मॉस' हा केंद्रीय कायदा आला. त्यानंतर १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने खास गाड्यांसाठी लेमन लॉ केला आणि हळूहळू सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. शब्द मात्र त्याआधीचा. सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला दोष माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, या साध्या गोष्टीवर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातही 'लेमन्स' होते. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या कायद्यांचे बळ आकड्यांत आहे. कॅलिफोर्नियाचेच बघा. गाडी मिळाल्यापासून १८ महिने किंवा १८ हजार मैल, यातले जे आधी होईल त्या मुदतीत एकच दोष चार किंवा अधिक वेळा दुरुस्त करूनही कायम राहिला, किंवा जिवावर बेतू शकेल असा दोष दोनदा दुरुस्तीला जाऊनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त दुरुस्तीत अडकून पडली, तर 'कंपनीला पुरेशी संधी मिळाली होती' असे कायदाच गृहीत धरतो. मग ते खोडून काढण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

पैसे परत देताना वापराची वजावट किती करायची, याचेही सूत्र ठरलेले आहे. दोषासाठी गाडी पहिल्यांदा वर्कशॉपला नेली तोवर झालेले मैल भागिले १ लाख २० हजार, गुणिले किंमत. ३६ हजार डॉलरची गाडी ६ हजार मैलांवर पहिल्यांदा दाखवली असेल, तर वजावट १,८०० डॉलर. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी आयटीवाल्याला हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. पुण्यातल्या त्याच्या भावाला असे कोणतेही सूत्र उपलब्ध नाही.

इथे आकडा नाही, जॉब कार्ड आहे

आपल्याकडे आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. त्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. गुणवत्ता, प्रमाण किंवा दर्जा यातली कोणतीही उणीव तिच्यात बसते. दोष सिद्ध झाला तर ग्राहक आयोग तो दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि वर नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. जरब बसावी म्हणून दंडात्मक भरपाईचीही तरतूद आहे.

अडते ते 'सिद्ध झाला तर' या शब्दांवर. किती वेळा बिघडली म्हणजे गाडी सदोष, हे कायद्यात लिहिलेले नाही. कंपनीचे वकील बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात: हा निर्मिती दोष नाही, चालवण्यातली चूक आहे, इंधनात भेसळ आहे, बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीमुळे वायरिंग बिघडले. त्यावर ग्राहकाकडे उत्तर असते ते जॉब कार्डचे.

इथेच बहुतेक जण चुकतात. सर्व्हिस ॲडव्हायजर ओळखीचा झालेला असतो, "सर, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता बघा" असे म्हणून चावी हातात देतो आणि कागद मागायचा राहून जातो. किंवा जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' एवढेच लिहिलेले असते. सहा महिन्यांनी आयोगासमोर त्या कागदाला काडीची किंमत उरत नाही. तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: 'चढावर गिअर आपोआप न्यूट्रल होतो', '८० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरते'. गाडी कोणत्या तारखेला दिली, कोणत्या तारखेला परत मिळाली आणि मीटरवर किती किलोमीटर होते, हे तिन्ही आकडे कागदावर हवेत. डॅशबोर्डवर लागलेल्या दिव्याचा व्हिडिओ काढा. दुसऱ्या फेरीनंतर डीलरसोबत कंपनीलाही ईमेल करा. फोनवर झालेले बोलणे नंतर कोणालाच आठवत नसते.

चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग कलम ३८ नुसार योग्य प्रयोगशाळेकडून अहवाल मागवू शकतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते. गाड्यांच्या अनेक प्रकरणांत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तज्ज्ञांकडून तपासणी झाली आहे. तज्ज्ञाचा अहवाल नसल्याने तक्रार फेटाळली गेल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामुळे तपासणीची मागणी तक्रारीसोबतच करणे शहाणपणाचे.

तीन निकाल, तीन वेगळे धडे

२००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची अट शब्दशः वाचली. वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही, असे सांगत नवी गाडी देण्याचा आदेश रद्द केला. आजही कंपन्यांच्या लेखी उत्तरात हा निकाल हमखास दिसतो. म्हणूनच एक भाग बिघडला आणि गाडीत मुळातच दोष आहे, या दोन गोष्टींत फरक दाखवावा लागतो. तेच काम जॉब कार्डांची चळत करते.

दुसरा निकाल गोव्यातल्या गाडीचा. ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे मोजले, डीलरने दिली २००९ ची, तीही ६२२ किलोमीटर चाललेली. खालच्या आयोगांनी डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला त्यातून वगळले. डीलरने केलेल्या या गोष्टीची कंपनीला माहिती होती, असे दाखवणारे काही समोर नव्हते आणि दोघांतले नाते मालक-एजंटचे नव्हते. डीलरची जबाबदारी मात्र राहिली. आरसीवर गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, ते हार घालण्याच्या गडबडीत कोणी वाचत नाही. नोंदणीआधी डीलरकडून तो तपशील लेखी मागून घेतलेला बरा.

तिसरा निकाल ग्राहकांच्या बाजूने आहे. दिल्ली-पानिपत महामार्गावर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका ह्युंदाई क्रेटाला अपघात झाला आणि समोरच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. एअरबॅग ठरावीक जोराच्या धडकेलाच उघडते, असा कंपनीचा बचाव होता. इंजिनीअरला तो पटण्यासारखा वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो मानला नाही. वेग आणि बलाची गणिते मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असण्याची अपेक्षा नाही, समोरून जोरदार धडक बसली तर एअरबॅग उघडेल एवढेच तो गृहीत धरतो, असा न्यायालयाचा सूर होता. गाडी बदलून देण्याचा आणि एकूण ३ लाख रुपये देण्याचा आदेश कायम राहिला. नुकसानीच्या छायाचित्रांनी इथे मोठे काम केले.

तक्रार कुठे, खर्च किती?

गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात. त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून वर राष्ट्रीय आयोग. गाडी मुंबईत घेतली आणि तुम्ही आता लातूरला राहता, तर लातूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. शुल्क ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करता येतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. "पुढच्या सर्व्हिसला बघू" यातच ती संपून जाते. कायदा म्हणतो, चाचणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात गोव्याच्या त्या गाडीचा शेवटचा निकाल यायला २०२१ उजाडले.

व्यवसायासाठी घेतलेली गाडी सहसा या कायद्यात बसत नाही. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली रिक्षा किंवा टॅक्सी बसते. कंपनीच्या नावाने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी आपोआप व्यावसायिक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्सिडीजच्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

एकच दोष हजारो गाड्यांत असेल तर?

त्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आहे. २०१२ पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता होती. १ एप्रिल २०२१ पासून मात्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकते. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ही तरतूद लागू आहे. ठरावीक संख्येच्या वर तक्रारी गेल्या तर हे चक्र फिरू शकते. म्हणून तुमची एकट्याची तक्रारही सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदवलेली बरी. तक्रारींच्या संख्येचे वजन इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत दिसले. हेल्पलाइनवर वर्षभरात १० हजारांहून अधिक तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस काढली. त्यातल्या ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचे कंपनीचे म्हणणे होते.

खटला चालू असताना दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला, हप्ता थांबवावा का? नाही. कर्जाचा करार बँकेशी आहे, गाडीच्या दोषाशी बँकेला देणेघेणे नसते आणि हप्ता चुकला की सिबिल स्कोअर पडतो. दुसरा, गाडी चालवत राहावी का? दरम्यानच्या काळात ६० हजार किलोमीटर झाले, तर "गाडी चालतेय की" हा मुद्दा कंपनीच्या हाती जातो. गाडी वर्कशॉपमध्येच सोडायची असेल, तर दोष कायम असल्याने ताबा घेत नाही, असे लेखी कळवून पोच घ्या. नाहीतर काही महिन्यांनी पार्किंगचे बिल तुमच्याच नावाने येते.