पेशीतील जाळीची वीण

सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत पिपे, रांजण व टाक्या भरून पाणी साठविणे हा घरोघरचा परिपाठ होय. अशाच साठविलेल्या पाण्याच्या कडेला एडिस इजिप्ती ह्या जातीच्या डासाची मादी अंडी घालते आणि डेंग्यूचा विषाणू माणसांत पसरविते. ह्या डासाचे शास्त्रीय महत्त्व मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १९६४ साली रॉथ आणि पोर्टर ह्यांनी त्याच्याच अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा पेशीपटलावर आतून काटेरी अस्तर असलेले असंख्य खळगे त्यांना दिसले. मादीने रक्त शोषल्यानंतर काही तासांतच ह्या खळग्यांची संख्या सुमारे १५ पटींनी वाढते. कारण अंड्याच्या पोषणाचे प्रथिन त्यांच्याच वाटे आत जाते.

हे अस्तर ज्या प्रथिनाचे असते, ते बार्बरा पीअर्स ह्यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केले आणि १९७६ साली त्यास क्लॅथ्रिन हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जाळीदार'. इतके यथार्थ नाव परिभाषेत क्वचितच आढळते.

क्लॅथ्रिनचा प्रत्येक घटक म्हणजे एका मध्याशी जुळलेले तीन वाकडे पाय होत. त्यास 'त्रिपाद' म्हणणे सोयीचे. शेजारच्या त्रिपादांचे पाय एकमेकांलगत पसरतात व त्यांतून जाळीच्या कडा बनतात. बुरुडाच्या कामातील षट्कोनी वीण ज्याने पाहिली आहे, त्यास पुढील मर्म चटकन उमगेल. नुसते षट्कोन विणीत गेले की वीण सपाट राहते. तिला बाक द्यावयाचा, तर मधूनमधून पंचकोन आणावा लागतो. पूर्ण मिटलेल्या जाळीत पंचकोन नेमके १२ असतात, हा भूमितीचाच नियम आहे. षट्कोनांची संख्या बदलते, तसा आकार बदलतो : ४ षट्कोन असता २८ त्रिपाद लागतात, ८ असता ३६. बुरुडाजवळ लांब कामट्या आणि हात असतात; येथे विणणारा कोणीच नाही. शुद्ध क्लॅथ्रिन योग्य आम्लतेच्या द्रावणात ठेवले असता पिंजरे आपोआप तयार होतात. दोन पायांमधील बंध दुर्बळ असतात, परंतु त्यांची बेरीज पिंजरा सावरून धरते. पेशीत हे त्रिपाद कोठे जमावेत, ते जोडणी-प्रथिने ठरवितात : ती एका बाजूस पटलाला व आत न्यावयाच्या मालाला, तर दुसऱ्या बाजूस क्लॅथ्रिनला धरतात. खळगा खोल झाला की डायनामिन हे प्रथिन त्याचा गळा आवळून पुटिका तोडते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत थॉमस पुकाडील ह्यांच्या प्रयोगशाळेने ह्याच तोडणीचा अभ्यास केला आहे.

डेंग्यूचा विषाणू बहुतांशी ह्याच मार्गाने मानवी पेशीत शिरतो. पुटिकेतील वाढत्या आम्लतेने त्याचे आवरण पटलाशी एकरूप होते. मग हा मार्गच का बंद करू नये? कारण रक्तातील कोलेस्टेरॉल पेशीत नेणारी ग्रहणद्वारेही येथेच जमतात. त्यांना खळग्यात जमू न देणारा एक आनुवंशिक दोष ज्ञात आहे. त्यात कोलेस्टेरॉल रक्तातच साचते आणि हृदयविकार तरुणपणीच गाठतो.

जाळी बांधण्यापेक्षा ती उसवणेच पेशीला महाग पडते. पुटिका सुटल्यावर काही क्षणांतच ऑक्झिलिन व आणखी एक सहायक प्रथिन तिच्यावरील त्रिपाद सुटे करतात, त्यासाठी ए. टी. पी. खर्ची पडते. सुटलेले त्रिपाद पुढच्या खळग्याकडे लागतात.