शुक्र पाहायला गेले, भाषेचे नातलग सापडले

संस्कृत, लॅटिन, रशियन, इंग्रजी एका घराण्यातल्या. मग युरोपच्या ऐन मध्यात बोलली जाणारी हंगेरियन त्यात का नाही, असं एका वाचकानं विचारलं आहे. हे कोडं पुराव्यानिशी सोडवू पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये एक खगोल निरीक्षक होता, आणि त्याचं नाव आपल्याकडे जवळजवळ कुणी घेत नाही.

जून १७६९मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकला. तो टिपायला डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं माक्सिमिलियान हेल या खगोलशास्त्रज्ञाला नॉर्वेच्या पार उत्तरेला, वार्दो बेटावर बोलावलं. तिथं जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. हेलनं सोबत यानोश शायनोविच हा हंगेरियन जेझुइट धर्मगुरू निरीक्षणाच्या मदतीला नेला; तोच हा खगोल निरीक्षक. त्यानं तिथल्या सामी लोकांची भाषा अभ्यासली आणि १७७०मध्ये कोपनहेगनला पुस्तक काढलं: सामी आणि हंगेरियन एकच! ‘एकच’ म्हणणं अतिशयोक्त होतं, पण नातं खरं निघालं. संस्कृत आणि लॅटिन यांचं नातं मांडणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण त्यानंतर सोळा वर्षांनी झालं. तुलनात्मक भाषाशास्त्राची गोष्ट जोन्सपासूनच सुरू करणं मला अन्यायाचं वाटतं.

अनेक हंगेरियन सरदारांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांना अटिलाच्या हूणांचा वारसा हवा होता, मासे धरणारे भाऊबंद नव्हे. तरीही शामुएल ग्यारमती या अभ्यासकानं १७९९मध्ये व्याकरणाची तुलना मांडून नातं पक्कं केलं.

खरी मौज पुढेच आहे. भाषांचं नातं शब्दांच्या सारखेपणावर ठरत नाही, फरकाच्या शिस्तीवर ठरतं. ‘मासा’ सामीच्याच घराण्यातल्या फिनिशमध्ये ‘काला’, हंगेरियनमध्ये ‘हॉल’. ‘तीन’ म्हणजे ‘कोल्मे’ आणि ‘हारोम’. इथं ‘क’चा ‘ह’ झाला. पण ‘हात’ पाहा: ‘कॅसी’ आणि ‘केझ’. त्यानंतरचा स्वर जिभेच्या पुढच्या भागानं उच्चारला जाणारा असेल तर ‘क’ टिकतो! ‘प’चा मात्र ‘फ’ होतो: झाड म्हणजे ‘पू’ आणि ‘फॉ’, मुलगा म्हणजे ‘पोइका’ आणि ‘फिऊ’. संस्कृत ‘पितृ’मध्ये टिकलेल्या ‘प’च्या जागी इंग्रजी ‘फादर’मध्ये ‘फ’ आला तसाच हा बदल, पण दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे घडलेला. म्हणूनच दोन भाषांतले पाच-दहा सारखे शब्द दाखवून थाटामाटात नातं जाहीर करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

‘शंभर’चंच घ्या. फिनिशमध्ये ‘साता’, हंगेरियनमध्ये ‘साझ’. आपलं ‘शत’ लगेच आठवतं. पण ‘कोल्मे’ आणि ‘त्रि’ जुळत नाहीत. ‘साता’ हा उसना शब्द आहे, हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून घेतलेला. लॅटिनमधून आला असता तर सुरुवातीला ‘क’ असता, कारण तिथं शंभरला ‘केंटुम’ म्हणत.