झाकण ‘टप्’ वाजलं म्हणजे झालं?

भाव पडले की नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात २० किलोचं कॅरेट मातीमोल होतं आणि शहरात सोसायटीच्या दाराशी टोमॅटोचा टेम्पो येऊन उभा राहतो. स्वस्ताईच्या मोहात दहा किलो घरात येतात आणि संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, रस काढून बाटल्या भरून ठेवू, वर्षभर साराची चिंता नको. मीही एकदा भरल्या. रस उकळला, गरम असतानाच बाटल्यांत ओतला, झाकणं घट्ट लावून बाटल्या उलट्या ठेवल्या. गार होताना एकेक झाकण ‘टप्’ वाजून आत ओढलं गेलं, तेव्हा काय अभिमान वाटला! तीन आठवड्यांनी रात्री फडताळात स्फोट झाला. रव्याच्या डब्यापर्यंत लाल शिंतोडे. उरलेल्या तीन बाटल्या मात्र दिसायला अगदी ठणठणीत होत्या, आणि आता विचार करते तर भीती त्यांचीच वाटायला हवी होती.

त्या ‘टप्’चा अर्थ एवढाच, की आतली वाफ गार होऊन पोकळी झाली. गळ्याशी, झाकणाखाली जे बुरशीचे आणि यीस्टचे कण असतात, ते बाटली उलटी केल्याने खात्रीने मरत नाहीत. भरलेली, झाकण लावलेली बाटली पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवावीच लागते.

त्यातून पोकळीला दुसरी बाजू आहे. हवा नसली की बुरशी अडते, पण क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूला नेमकी बिनहवेचीच जागा लागते. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतही टिकतात. त्यांना मारायला दाबाखालची सुमारे १२१ अंशांची वाफ लागते. ‘खळखळून उकळलं की सगळं मरतं’ हा समज इथे उघडा पडतो. या जिवाणूचं विष मज्जातंतूंवर घाला घालतं. एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. बाटली फुगेलच असं नाही आणि वासही येईलच असं नाही. म्हणून ‘जरा चाखून बघ गं’ हा आपल्याकडचा हमखास उपाय इथे करायचाच नाही. शंका आली की बाटली न चाखता टाकून द्यायची.

शेजारच्या काकू म्हणतात, “आम्ही वर्षानुवर्षं अशाच भरतो, कुणाला काही झालं नाही.” खरं असेल. हा आजार विरळाच, पण काकूंना वाचवलं ते आंबटपणाने, पद्धतीने नव्हे. सामू म्हणजे पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल, तर ते बीजाणू रुजत नाहीत. टोमॅटो नेमका या रेषेच्या अल्याडपल्याड असतो, साधारण ४.३ ते ४.९. एका टेम्पोतलं कॅरेट रेषेच्या आत असतं, पुढच्या आठवड्यातलं बाहेर.

‘आमचे गावठी टोमॅटो चांगले आंबट आहेत’ यावरही विसंबू नये. जिभेला कळतो तो आंबट आणि गोड यांचा हिशेब. सामू तिला मोजता येत नाही. फळ अति पिकलं की आम्ल कमी होतं. सडका भाग असेल तर तिथली बुरशीच आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे ‘सडकं कापून उरलेलं रसाला’ ही काटकसर चटणीपुरतीही करू नये, बाटलीला तर नाहीच.

म्हणून आम्ल वरून घालायचं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अॅसिड मिळतं. साधारण ९५० मिलीच्या बाटलीला ते अर्धा छोटा चमचा, ४७० मिलीच्या बाटलीला पाव. मापाचा चमचा घ्या, सपाट भरा आणि प्रत्येक बाटलीत वेगळं घाला. पातेल्यात अंदाजाने नको. ताजं लिंबू का नाही? एक लिंबू रसरशीत निघतं, दुसरं कोरडं, आणि आम्लही सारखं नसतं. मीठ इथे फक्त चवीला. सोडियम बेंझोएट यीस्ट-बुरशीला रोखतं, तेही आम्ल असेल तरच. वर तेलाचा थर देणं ही लोणच्यावरून घेतलेली अक्कल. लोणचं मुख्यतः मिठाने आणि आंबटाने टिकतं, रसावरचं तेल फक्त हवा तोडतं.

आता उलट बाजूचा गैरसमज: बाटलीत खाली गर आणि वर पिवळट पाणी दिसलं की लोक ‘नासला’ म्हणून ओततात. टोमॅटो चिरला की त्यातलं एक विकर पेक्टिनचा फडशा पाडू लागतं आणि रसाचा दाटपणा मोडतो. सगळे टोमॅटो आधी चिरून ठेवून मग गॅसकडे वळलो, तर रस फुटणारच. अर्धा किलो भराभर चिरून लगेच तापत्या पातेल्यात टाकायचे, डावाने चेचत उकळी आणायची, आणि उकळी न मोडता पुढचे थोडे थोडे घालत जायचे. विकर उष्णतेने निकामी होतं, रस एकजीव राहतो. नंतर पाच मिनिटं शिजवून चाळणीतून गाळायचा, पुन्हा उकळायचा, आणि गळ्याशी बोटभरापेक्षा थोडी कमी जागा सोडून भरायचा. दीड किलोला जेमतेम लिटरभर रस निघतो. पातेलं स्टीलचं घ्या.

अमेरिकेत अनेक घरांत असे रस भरतात, त्यामुळे तिथल्या कृषी खात्याने वेळा ठरवून दिल्या आहेत. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून गावागणिक वेळ बदलते. मुंबईत छोट्या बाटलीला ३५ मिनिटं, मोठीला ४०. सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे ४० आणि ४५. महाबळेश्वरला ४५ आणि ५०. पाणी झाकणांच्या वर दोन बोटं हवं, तळाशी घडी केलेलं फडकं, आणि घड्याळ लावायचं ते पाणी खळखळायला लागल्यावर. अर्ध्या लिटरची बाटली असेल तर मोठीची वेळ धरा. ९५० मिलीहून मोठीला हे आकडे लागू नाहीत. ‘कुकरच्या चार शिट्ट्या’ हा हिशेबही नको. आपला कुकर झटकन तापतो, झटकन निवतो, त्यावर या वेळा तपासलेल्याच नाहीत.

उकळल्याने सत्त्व जातं? क जीवनसत्त्व काहीसं जातं. पण ज्याने टोमॅटो लाल दिसतो ते लायकोपिन शिजवल्यावर, त्यातही थोड्या तेलातुपाबरोबर, अंगी जास्त लागतं.

इतका खटाटोप नको असेल, तर रस गार करून डब्यात, वर थोडी जागा सोडून, फ्रीझरमध्ये टाका. मी हल्ली बहुतेक वेळा तेच करते. बाटल्या भरल्याच, तर त्यांत टोमॅटो, लिंबूसत्त्व, हवं तर मीठ, एवढंच. कांदा-लसूण, गाजर घातलं की आम्लाचा हिशेब बिघडतो. सार आंबट झालंय असं वाटलं तर गुळाचा खडा, नारळाचं दूध आणि जिऱ्याची फोडणी हे सगळं जेवणाच्या आधी, पातेल्यात.