५३७ मतं आणि कागदाचा कपटा

कागदाला पंच मारला की जो बारीक कपटा खाली पडतो, त्याला मराठीत खास नाव नाही. इंग्रजीत आहे, 'चॅड'. पण २००० सालच्या नोव्हेंबरपर्यंत हा शब्द बहुतेक अमेरिकनांच्याही कानावरून गेला नव्हता. पुढच्या महिनाभरात तो घराघरांत पोचला, तोही पोटजातींसकट. एका कोपऱ्यावर लटकणारा, दोन कोपऱ्यांवर झुलणारा, सुटलाच नाही पण फुगलाय म्हणून 'गरोदर', आणि ज्याच्यावर नुसती खळी उमटलीय असा. अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष कोण, हे या कपट्याचे किती कोपरे सुटलेत यावर येऊन ठेपलं होतं.

अमेरिकेच्या अलीकडच्या राजकारणाची कथा सांगताना कुणी ट्रम्पपासून सुरुवात करतं, कुणी ११ सप्टेंबरपासून. माझ्या मते ती फ्लोरिडातल्या त्या ३६ दिवसांपासून सांगायला हवी.

अमेरिकन मतदार अध्यक्षाला थेट निवडत नाही. तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. देशभरात असे ५३८ निर्वाचक, जिंकायला २७० हवेत. दोन राज्यं वगळता सगळीकडे, राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी तिथले सगळे निर्वाचक तुमचे. फ्लोरिडाकडे तेव्हा २५ होते. रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि डेमोक्रॅट उपाध्यक्ष अल गोर, दोघांचंही गणित फ्लोरिडाशिवाय पुरं होत नव्हतं.

७ नोव्हेंबरच्या रात्री टीव्ही वाहिन्यांनी जे केलं त्याला घिसाडघाई हाच शब्द आहे. फ्लोरिडाचा पश्चिम टोकाचा भाग घड्याळात एक तास मागे आहे. तिथलं मतदान संपायच्या आधीच वाहिन्यांनी राज्य गोर यांना देऊन टाकलं. दोन तासांनी ते काढून घेतलं. मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास, बुश विजयी म्हणून जाहीर झाले. गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदन केलं आणि पराभव मान्य करायचं भाषण द्यायला ते नॅशव्हिलमधल्या सभेच्या जागेकडे निघाले. वाटेत सहकाऱ्यांनी त्यांना गाठलं. आघाडी वितळत चालली होती. गोर यांनी पुन्हा फोन केला, दिलेला शब्द परत घ्यायला.

सकाळ झाली तेव्हा सुमारे ६० लाख मतांमध्ये फरक उरला होता दोन हजारांहूनही कमी. यंत्रांवर पुन्हा मोजणी केली, तो आणखी घटला.

मग पाम बीच काउंटीतली म्हातारी माणसं बोलायला लागली. आम्हाला गोर यांना मत द्यायचं होतं, पण भलत्यालाच गेलं की काय, अशी त्यांना धास्ती होती. या घोटाळ्याच्या मुळाशी दुष्टपणा नव्हता, चांगुलपणा होता. काउंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांनी वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. दहा उमेदवारांची नावं मग एका पानावर मावेनात. त्यांनी ती समोरासमोरच्या दोन पानांवर, फुलपाखराच्या पंखांसारखी मांडली आणि टोचायची भोकं मधोमध ठेवली. डाव्या पानावर पहिले बुश, त्यांच्याखाली गोर. पण दुसरं भोक मात्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं, गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन हे कट्टर उजवे, ज्यू समाजाला नकोसे. ज्यू निवृत्तांची एवढी मोठी वस्ती असलेल्या काउंटीत त्यांना ३,४०७ मतं पडली. ही मतं माझी नसावीत, असं ते स्वतःच म्हणाले. आणखी १९ हजारांवर पत्रिका दोन भोकं पडल्यामुळे बाद झाल्या. आणि लेपोर तेव्हा डेमोक्रॅटच होत्या!

आपल्याला शिक्का मारायची, मग बटण दाबायची सवय. शिवाय दिल्लीपासून गल्लीपर्यंत लोकसभेची निवडणूक एकच आयोग घेतो. अमेरिकेत पत्रिका कशी छापायची, कोणतं यंत्र घ्यायचं, हे काउंटी ठरवते, म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. फ्लोरिडात अशा ६७ काउंट्या आहेत. ज्या गरीब होत्या किंवा यंत्रांवर खर्च करायला तयार नव्हत्या, तिथे जुनी पंच कार्डची यंत्रं. कार्ड खाचेत सरकवायचं आणि टोच्याने भोक पाडायचं. खाली कपट्यांचा कचरा साचला किंवा हात थरथरला, तर भोक अर्धवट राहतं आणि यंत्राला ते मत दिसत नाही. कृष्णवर्णीय मतदारांच्या पत्रिका बाद होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं, हे नागरी हक्क आयोगाने नंतर नोंदवलं. गुन्हेगारांची नावं वगळायच्या यादीत निरपराध माणसंही अडकली होती.

गोर यांनी हाताने फेरमोजणी मागितली, पण फक्त चार काउंट्यांत, जिथे डेमोक्रॅट भक्कम होते. प्रत्येक मत मोजा म्हणायचं आणि मोजायला चारच जागा निवडायच्या, ही मला त्यांची सर्वांत मोठी चूक वाटते. नैतिक बाजू तिथेच लंगडी पडली. पलीकडे राज्याच्या गव्हर्नरपदी बुश यांचे धाकटे भाऊ जेब. निकालावर सही करणाऱ्या कॅथरीन हॅरिस याच राज्यात बुश यांच्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. पंचच एका संघाच्या जर्सीत उभा असावा, तसं. ब्रॉवर्ड काउंटीत एक न्यायाधीश डोळे फाडून, भिंग लावून कार्ड न्याहाळतोय, हा फोटो जगभर गेला. मायामीत रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी मोजणीच्या दाराशी असा गोंधळ घातला की त्याच दिवशी मंडळाने मोजणी थांबवली. २६ नोव्हेंबरला हॅरिस यांनी निकाल जाहीर केला. बुश ५३७ मतांनी पुढे.

८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभर फेरमोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रोखली. १२ डिसेंबरच्या रात्री अंतिम निकाल आला. प्रत्येक काउंटीत कपट्याचा निकष वेगळा, त्यामुळे मतदारांना समान वागणूक मिळत नाही, आणि निकष ठरवून मोजायला आता वेळ उरलेला नाही. वेळ का उरला नाही? तीन दिवस न्यायालयानेच मोजणी अडवून धरली होती. शिवाय हा विचार फक्त या प्रकरणापुरता, अशी पुस्तीही जोडली होती. असा निर्णय कायद्यापेक्षा सोयीचा वाटतो, हे म्हणायला वकील असावं लागत नाही. देशभरात गोर यांना ५ लाखांहून जास्त मतं अधिक पडली होती. निर्वाचकांत बुश २७१, गोर २६६.

वर्षभराने मोठ्या वृत्तसंस्थांनी शिकागो विद्यापीठाच्या संशोधन केंद्राकडून पावणेदोन लाख न मोजलेल्या पत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितली तशी मर्यादित मोजणी झाली असती तरी बुशच जिंकले असते. सगळ्या राज्यातल्या सगळ्या बाद पत्रिका तपासल्या असत्या, तर गोर थोडक्यात पुढे गेले असते. ज्याला जे हवं ते त्याने उचललं.

२००२ मध्ये संसदेने कायदा करून राज्यांना नव्या यंत्रांसाठी पैसे दिले, पंच कार्डं हळूहळू गेली. मागे उरल्या त्या सवयी. आधी वाहिन्यांचे नकाशे मनाला येईल त्या रंगाचे असत. त्या महिन्याभरात लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट हे पक्कं झालं आणि माणसं एकमेकांना त्या रंगांनी ओळखू लागली. मतदानाच्या आधीच वकिलांच्या फौजा उभ्या करायच्या, हे दोन्ही पक्ष शिकले. बुश यांच्या बाजूने त्या लढाईत काम केलेले तिघे वकील, जॉन रॉबर्ट्स, ब्रेट कॅव्हॅनॉ आणि एमी कोनी बॅरेट, पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

६ जानेवारी २००१ रोजी संसदेत निर्वाचकांची मतं मोजली गेली. उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी स्वतः गोर होते. कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी एकामागून एक आक्षेप घ्यायला उठले. आक्षेपाला एका प्रतिनिधीची आणि एका सिनेटरची सही लागे. सिनेटरची सही आहे का, असं गोर प्रत्येकाला विचारत, नाही म्हटल्यावर आक्षेप फेटाळत. एकाही सिनेटरने सही केली नाही आणि गोर यांनी स्वतःचा पराभव स्वतः जाहीर केला. चारच वर्षांनी ओहायोच्या निकालावर एका डेमोक्रॅट सिनेटरने सही केली. ६ जानेवारी २०२१ ला रिपब्लिकन सिनेटरांनी केली, आणि त्याच दिवशी ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेत घुसला. २०२२ च्या नव्या कायद्यानुसार आता अशा आक्षेपाला दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात.